ज्युरीतल्या ताईंना आलेली ऑर्डर

त्या बाई आजही डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मँचेस्टरमध्ये डिटेक्टिव्ह म्हणून माझी सगळी नोकरी झाली. चोर-दरोडेखोर ढिगाने पाहिले आणि विसरलो. यांना विसरलो नाही. नाव सांगणार नाही, ताई म्हणू.

ताई घरून टिफिनचा धंदा करायच्या. ज्युरीचं बोलावणं आलं तसा धंदा बंद ठेवून क्राउन कोर्टात जाऊन बसल्या. भारतात आता ज्युरी नाही, म्हणून सांगतो. इथं बारा साधी माणसं सगळं ऐकून ठरवतात, आरोपी दोषी की निर्दोष. त्याचा पगार नसतो. बुडालेल्या कमाईपोटी कोर्ट थोडंफार देतं, त्यालाही रोजची मर्यादा. वर जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवणापुरते पैसे. ताईंचं त्यात कुठलं भागायला! अर्धी गिऱ्हाईकं तोवर दुसरीकडे गेली होती.

खटला होता घरदुरुस्तीच्या नावाखाली म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या एका बिल्डरचा. एका सकाळी ताईंनी कोर्टातल्या ज्युरी ऑफिसरला गाठून सांगितलं, काल घरी जाताना ट्राममध्ये एकाने मला फोडायचा प्रयत्न केला. जजनी पोलिसांना कळवलं आणि तपास माझ्याकडे आला.

माणूस आमच्या मराठी मंडळातला, बिल्डरचा भागीदार. कोर्टात लोकांना बसायला असते त्या गॅलरीत बसून त्याने ताईंना हेरलं होतं. ट्राममध्ये शेजारी येऊन म्हणाला, "ताई, तुमचं किती नुकसान चाललंय, दिसतंय मला. माझ्या ऑफिसचं वर्षभराचं लंच तुम्हाला देतो. तुम्ही फक्त 'नॉट गिल्टी' म्हणा. आपल्या माणसाला आपण नाही बघायचं, तर कोणी?"

अटक केली, बोलाल ते पुराव्यात धरलं जाईल अशी कॉशन दिली, वकिलासमोर चौकशीच्या इंटरव्ह्यूला बसवला. गडी बनेल. "अहो, गणपतीच्या जेवणाच्या ऑर्डरचं बोलत होतो. मंडळात विचारा."

विचारलं, तर मंडळाला खरंच ऑर्डर द्यायची होती! ट्रामचं सीसीटीव्ही आणलं. दोघं बोलताना दिसत होते, पण आवाज नाही. ताईंचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द. तो खुर्चीत रेलून बसलेला पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

फुटेज पुन्हा लावलं. मागच्या सीटवर हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममधली एक नर्स होती. ट्राममधलं कोणी या दोघांकडे ढुंकून पाहत नव्हतं, पण हिने फोनमधली मान वर केली ती पुन्हा खाली घातलीच नाही. म्हटलं, हिला मराठी कळतंय. परदेशात आपली माणसं एक चूक हमखास करतात. मराठीत बोललं की दाराला कुलूप लागलं असं समजतात.

नर्स नागपूरची निघाली. "सर, दुसऱ्याचं ऐकू नये, पण इथं मराठी कानावर पडलं की कान टवकारतातच," ती म्हणाली आणि लंचपासून 'नॉट गिल्टी'पर्यंत सगळं तिने जसंच्या तसं सांगितलं. तो जबाब पुढे ठेवल्यावर गड्याचा चेहरा उतरला. मग प्रत्येक प्रश्नाला 'नो कॉमेंट'.

तोवर जजनी ताईंना ज्युरीतून कमी केलं होतं. ज्याला बाहेरून कोणी गाठलं, त्याने निर्णयाला बसू नये, म्हणून. खटला उरलेल्या अकरांवर पुढे चालला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी खरं तेच सांगितलं ना, सर? मग मलाच का काढलं?"

मी थक्क झालो. धंदा बसलेला, चालून आलेली ऑर्डर नाकारलेली, त्याबद्दल अवाक्षर नाही. रडू कशाचं, तर हातातलं काम काढून घेतल्याचं.

"ऑर्डर नाकारताना जीव वरखाली नाही झाला?" मी विचारलं.

"झाला की. पण त्या बिल्डरने लुबाडलेली एक म्हातारी बाई साक्ष देताना आमच्याकडे बघत होती."

पुढे त्या भागीदारावर खटला उभा राहिला. ताई साक्ष देऊन गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. समोर नवी बारा माणसं होती, तीही आपापलं कामधाम सोडून आलेली. कायदा म्हणजे पोलीस, वकील आणि जज, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. कायदा खरा पेलतात ही माणसं, हे मला ताईंनी शिकवलं.

निकाल आला, गिल्टी. ज्युरी बाहेर निघाली तशा ताई हात जोडून उभ्या राहिल्या. कोर्टाच्या माणसाने बसायची खूण केली. त्या बसल्या नाहीत.

"माझं राहिलेलं काम यांनी पुरं केलं," त्या हळूच म्हणाल्या.

मग मीही उठून उभा राहिलो.