सुलभाताईंची पाटी

आमच्या स्टुडिओतले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. कोपऱ्यात जुने बॅनर साठावेत तसे ते साठत गेले. आता कुणाच्या लग्नात भेटलो की जेवणाच्या रांगेतच एकेक उलगडायला लागतो!

नाशिकला अशोकस्तंभाजवळ एका जिन्याखाली आमचं ऑफिस. लग्नपत्रिका, द्राक्षपेट्यांची लेबलं, निवडणुकीचे बॅनर, येईल ते काम. माणसं तीन: मालक म्हणजे काका, चित्रकार सुलभाताई आणि टायपिंगला मी. नव्वदचं दशक संपता संपता काकांनी मुंबईहून ड्रॉइंग टॅबलेट आणला. त्यावर पेन फिरवलं की रेघ समोरच्या स्क्रीनवर. दिसायला पाटीसारखा, म्हणून आम्ही त्याला पाटीच म्हणायचो.

ही पाटी बदलायची कधी, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. काका म्हणजे दर दोन वर्षांनी स्कूटर बदलणारा माणूस. आणि ताई? लग्नात मिळालेला मिक्सर अजून वापरणाऱ्या!

*

पाटी आली तेव्हा दसरा होता. काकांनी ती पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, पेन आडवं ठेवलं आणि वर झेंडूचा भलामोठा हार घातला. हाराच्या वजनाने पेन घरंगळलं. स्क्रीनवरचा बाण आपला आपण सरसर वर गेला.

काकांनी डोळे मिटून हात जोडले. "पावली!"

*

दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले लेबल करायला आले. ताई पाटीवर रेघा काढत होत्या, ते बराच वेळ बघत राहिले. मग पिशवीतून एक घड काढला आणि अलगद पाटीवर ठेवला. ठेवून स्क्रीनकडे बघत बसले.

"दादा, हे काय?"

"पेन ठेवलं की पेनाची रेघ येती. मग घड ठेवला की घड नाय येणार?"

ताई हसल्या नाहीत. "येतो की, पण वेळ लागतो. तोवर चहा पिऊन या," म्हणाल्या. ते परत येईपर्यंत त्यांनी घड बाजूला ठेवून, त्याच्याकडे बघत बघत झकास चित्र काढलं. गृहस्थ बेहद्द खूष! जाताना घड आम्हालाच देऊन गेले.

आठवड्याने त्यांच्या गावचा दुसरा माणूस आला. दारातूनच विचारतो, "ताई, कांद्याची गोणी आत आणू का बाहेरच ठेवू?"

*

मग मोबाईल आले. काकांनी पहिला मोबाईल घेतला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून ताईंच्या टेबलावर, पाटीला खेटून ठेवायला सुरुवात केली. फोन वाजला की पाटीच्या अंगात यायचं. सरळ रेघ नागमोडी व्हायची.

महापालिकेच्या निवडणुकीतले एक उमेदवार आले. डोकं तुळतुळीत. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "फोटोत थोडे केस घाला. कुणाला कळणार नाही असे!"

ताई एकेक केस काढायला लागल्या आणि नेमका काकांचा फोन वाजला. वाजतच राहिला. फोन थांबेपर्यंत उमेदवाराच्या डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल! ताई पुसणार, एवढ्यात उमेदवार ओरडले, "राहू द्या! कॉलेजात अस्सेच होते!"

बॅनर चौकात लागला. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको भाजी घेऊन घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमच्याविरुद्ध तो कुरळ्या केसांचा कोण उभा आहे?"

*

त्या दिवशी काकांनी जाहीर केलं, "पाटी म्हातारी झाली. बदलायची!"

"फोन बदला," ताई म्हणाल्या.

खरं कारण त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांनी दुकानांचे बोर्ड ब्रशने रंगवले. पाटी आली तेव्हा हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, रेघ भलतीकडेच. मोरीत जाऊन नळ सोडून रडायच्या. "आता कुठे हिला माझा हात कळलाय रे. नव्या पाटीसमोर परत बिगरीपासून बसायचं? नाही जमलं तर?"

हे काकांना माहीत नव्हतं. त्यांनी आपला वेगळाच मार्ग काढला. एका दुपारी चहाचा भरलेला कप घेऊन ते ताईंच्या टेबलाशी आले. एरवी ते तिकडे चहा नेत नसत. मी समोरच होतो, म्हणून छातीठोक सांगतो: काका आधी "अरेरे!" म्हणाले आणि मग कप कलंडला!

पाटी चहात न्हाली. ताई टेबलफॅन लावून तिच्यासमोर बसून राहिल्या. त्यांचा चेहरा बघून काकांचाच चेहरा उतरला. स्वतः स्कूटरवर जाऊन ते रिपेअरवाल्याला घेऊन आले. त्याने पाटी उघडली, पुसली, वर्षानुवर्षांची धूळ झटकली, बंद केली.

ताईंनी भीत भीत पेन टेकवलं. कित्येक महिने मेलेला डावा कोपरासुद्धा चालायला लागला होता!

"काका," ताई म्हणाल्या, "दर दिवाळीला एक कप सांडत जा."

*

शेवटी पाटी नाही, पेनच गेलं. खाली पडलं आणि चिरलं. मुंबईच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, "मॅडम, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला." ताईंनी चिरलेलं पेन खणात ठेवलं. मग म्हणाल्या, "आणा नवी."

काकांनी त्याच आठवड्यात आणली. पण नव्या पाटीची पिन जुन्या कॉम्प्युटरला बसेना. म्हणून कॉम्प्युटर नवा घेतला. नवा कॉम्प्युटर जुन्या स्कॅनरला ओळख देईना. स्कॅनर घेतला. मग प्रिंटर रुसला. हे सगळं जुन्या टेबलावर मावेना, म्हणून टेबल. त्या टेबलापुढे कपाट भिकार दिसायला लागलं, म्हणून कपाट, आणि कपाट हलवल्यावर भिंतीचा मूळ रंग दिसला, म्हणून रंगकाम!

आणि ज्या पाटीची एवढी धास्ती, ती ताईंना डबा खायच्या आतच जमली.

संध्याकाळी काका दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सगळ्या ऑफिसवरून एकदा नजर फिरवली आणि समाधानाने म्हणाले, "झालं! आता इथे जुनंपुराणं असं काहीसुद्धा उरलं नाही."

ताईंनी पेन खाली ठेवलं. मी टायपिंग थांबवलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काका म्हणाले.