कार्डाची मागची बाजू

आमच्या तंजावुरी मराठी घरांतली लग्नं माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, लाकडी पेटीतून जुळत. पेटीत प्रत्येक उपवर मुलामुलीचं एक कार्ड: नाव, गोत्र, नक्षत्र, शिक्षण. मागच्या बाजूला अप्पा पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवत. एक स्थळ काढायला त्यांना अख्खी सकाळ लागे, आणि मला हसू येई.

गावात तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास नुकतेच निघाले होते. सहा महिन्यांचा कोर्स करून मी भलतीच शहाणी झाले होते. राजवाड्याजवळच्या त्या क्लासात बसून मी सगळी कार्डं डेटाबेसमध्ये भरली. एक माणूस म्हणजे एक ओळ, एक माहिती म्हणजे एक रकाना. गोत्र वेगळं, वय अमुक ते तमुक, नक्षत्र जुळणारं, असं विचारलं की क्षणात नावं पडद्यावर.

"पाठीमागचेंही घाल गं," अप्पा म्हणाले.

"त्याला रकाना नाही, अप्पा."

खरं तर मला कंटाळा आला होता. कुणाच्या मागे दोन शब्द, कुणाच्या मागे दहा ओळी; असला पसारा मी कुठे बसवणार?

पुढे अप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मदुरैला गेले आणि महिनाभर तिथेच अडकले. तेवढ्यात मी चुलत बहिणीसाठी, आमच्या अक्कासाठी, पापनाशमचं स्थळ काढलं. सगळे रकाने जुळत होते. मुलाकडच्यांनी गोत्राचं विचारलं, तर मी ऐटीत म्हटलं, "कॉम्प्युटरनं तपासलंय." सगळे निश्चिंत झाले. अक्का त्याला दोनदा भेटली आणि घरात गुणगुणायला लागली.

लग्ननिश्चयाच्या दिवशी अप्पा काळा चष्मा लावून थेट मदुरैहून आले. भटजींनी मुलाच्या आजोबांचं नाव घेतलं, तसा अप्पांनी हात वर केला.

"थांबा. हा दत्तक गेलेला मुलगा नव्हे? ह्याचा जन्म ओरत्तनाडूच्या घरांतला, आमच्याच गोत्रांतला."

दत्तक गेला तरी लग्नात जन्माचं गोत्र पाहतात, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होते. अप्पांनी ते कार्डाच्या मागे लिहिलंही होतं.

पाहुणे न जेवताच गेले.

नंतर मी अक्काला चार स्थळं काढून दिली. तिनं एकही पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी ती क्लासात आली, माझ्या शेजारी बसली.

"माझें नांव काढून टाक. आत्तां, माझ्यासमोर."

मी डिलीट केलं. पडद्यावरून ओळ गेली, आणि ती उठून गेली. पण डिलीटनं ओळीवर नुसती खूण होते. ती खरोखर पुसायला आणखी एक हुकूम द्यावा लागतो. तो मी दिला नाही. पुढं कितीतरी वर्षं, नवं स्थळ आलं की मी गुपचूप ती खूण काढी, अक्काशी जुळवून पाही आणि पुन्हा खूण करी. दोनदा चांगलं जुळलंही. तिला विचारायचं तोंड मला नव्हतं.