पैलवानाचा पांढरा शर्ट

पैलवानाने जन्मात एक कुस्ती मारली नव्हती. गॅरेजात हे नाव पडलं ते ट्रान्सफर केसमुळे. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या गिअरबॉक्सच्या पाठीला ही लोखंडी पेटी चिकटलेली असते. चारही चाकांना ताकद वाटून देते, आणि उतरवणाऱ्याची काढून घेते. बाकीचे मेकॅनिक तिच्याखाली जॅक लावत. पैलवान मात्र उताणा पडून बोल्ट काढायचा आणि तिला लेकरासारखी अलगद छातीवर घ्यायचा.

मग हर्नियाचं ऑपरेशन झालं. "वजन उचलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"उचलतो कुठे? ती वरून येते," पैलवान म्हणाला.

डॉक्टरांनी हताशपणे त्याच्या बायकोकडे पाहिलं. कामावर जायच्या पहिल्याच सकाळी तिने पांढराशुभ्र शर्ट पुढे केला.

"अगं, गॅरेजात हा? लोक म्हणतील, निवडणुकीला उभा राहिला!"

"म्हणू देत. संध्याकाळी मी येणार आहे. छातीवर डाग दिसला, की उद्यापासून घरी. शेठना सांगून ठेवलंय."

घरी बसायचं म्हणजे भिंतीशी गप्पा. पैलवानाने निमूट शर्ट घातला.

नेमकी त्याच दिवशी ट्रान्सफर केस आली. त्याने जॅक ओढत आणला, तसा वेल्डर ओरडला, "अरेरे, पैलवानाला कुबडी!"

पैलवानाने दात-ओठ खाल्ले, पण जॅक लावला. शाफ्ट सोडवले, बोल्ट काढले, पेटी मागे सरकवली. ती जॅकवर जराशी कलली, आणि तिच्या शेपटीकडून काळंकुट्ट ऑईल भळाभळा त्याच्या छातीवर!

आधी ऑईल काढून घ्यायचं असतं. छातीवर घेताना तो कधी विसरला नव्हता, कारण धार थेट तोंडात आली असती. आज भार जॅकवर, म्हणून डोकंही सुट्टीवर गेलेलं.

तो ट्रकखालून सरपटत बाहेर आला, तर समोर बायको. तिच्यामागे वेल्डर.

"वा रे पठ्ठ्या! शेवटी घेतलीसच ना छातीवर!" वेल्डरने टाळी वाजवली. सगळ्या गॅरेजाने वाजवली.

पैलवानाची पंचाईत झाली. हो म्हणावं तर नोकरी जाणार. खरं सांगावं, तर ऑईल न काढता पेटी उतरवणारा म्हणून हीच मंडळी वर्षभर खिदळणार.

"वहिनी, रागावू नका. रक्तातच आहे त्याच्या," वेल्डर म्हणाला.

बायको पुढे झाली, शर्टाचं टोक धरून ताणलं, डाग उजेडात धरला. असे डाग घासण्यात तिचा जन्म गेला होता. पेटी छातीवर टेकली, की मळाचं गोल कडं उमटायचं आणि बटणं फुटायची. इथे बटणं शाबूत होती, आणि गळ्यापासून पोटापर्यंत नुसते ओघळ.

ती त्याच्या कानाशी वाकली. "काय हो, ऑईल काढायचं विसरलात?"

पैलवानाने मान खाली घातली. "हळू बोल ना गं."

"उद्याही जॅक?"

"जॅक."

"परवा?"

"जॅकच. आता गप्प बस, माझे आई!"

ती वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भावजी, यांना आजच्यापुरतं माफ केलंय. पण उद्यापासून जॅक लावलेला दिसला नाही, तर मी सगळ्यांसमोर आजची खरी गोष्ट सांगणार."

"कसली गोष्ट, वहिनी?" वेल्डरने कान टवकारले.

पैलवान तोवर जॅक पुसायला लागला होता. अगदी मन लावून.