तळहातावरचं मैदान

एबेर लारालदेला कुणी विचारलं की तुझे डोळे कधी गेले, तर तो साल सांगायचा नाही, मॅच सांगायचा. "मोलिनोसला आपण तीन-एक हरवलं ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात." त्या दिवशीचा तिसरा गोल त्याने धूसर का होईना, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मग काचबिंदूने उरलंसुरलंही नेलं. तेव्हा त्याचं वय होतं सव्वीस, घरात तान्ही निबिया, आणि नोकरी लोकरीच्या गोदामात प्रत लावायची. गोदामाच्या मालकाने आठ दिवस कळ काढली आणि मग स्वतः घरी येऊन त्याला परत नेलं. लोकरीची प्रत डोळ्यांनी लावतात हा बाहेरच्यांचा गैरसमज. ती लावतात बोटांनी. एबेरने पुढची छत्तीस वर्षं बोटांवरच पोट भरलं आणि कुणापुढे हात पसरला नाही.

पंचाईत होती ती शनिवारची. शनिवारी कालाफातेसची मॅच असायची.

कालाफातेस म्हणजे लाकडी होड्यांच्या फटींत ताग ठासून वर डांबर ओतणारे कारागीर. मॉन्टेव्हिडिओच्या खाडीकाठी एस्ताकादा नावाची जी वस्ती आहे, ती त्यांचीच, आणि क्लबही त्यांनीच काढलेला. त्यामुळे मैदानाच्या तीन बाजूंना बसायला जुन्या होड्यांच्या फळ्या होत्या आणि चौथ्या बाजूला सरळ पाणी. जोरात मारलेला बॉल खाडीत पडायचा, मग एक म्हातारा होडी वल्हवत जाऊन तो आणायचा आणि तोवर अख्खं मैदान त्या बॉलचा, होडीचा आणि म्हाताऱ्याचा उद्धार करत उभं असायचं. बसायचं कुणीच नाही. फळ्यांवर बसलं तर विजारीला डांबर लागायचं. बायकांसाठी संडास नव्हता, पुरुषांसाठी भिंत होती. असं ते देखणं मैदान.

डोळे गेल्यावर एबेर तीन शनिवार घरात तोंड पाडून बसला. चौथ्या शनिवारी त्याचा मैदानावरचा दोस्त दार्दो पिंतोस आला. दार्दो बसमध्ये कंडक्टर होता, आणि तिकीट फाडता फाडता अख्ख्या बसला बोलतं ठेवायचा.

"ऊठ," दार्दो म्हणाला.

"मी येऊन काय करू? लोकांच्या ढेकरा ऐकू?"

"डोळे गेलेत तुझे, पाय नाही गेले. ऊठ म्हणतो ना!"

गोलमागच्या जाळीपाशी उभं राहून दार्दोने त्याचा डावा हात ओढून घेतला आणि तळवा उघडला. "हे बघ. मनगट म्हणजे आपला गोल. बोटांची टोकं म्हणजे त्यांचा. अंगठ्याकडे पाणी. हाफ टाइमनंतरसुद्धा मनगट आपलंच, समजलं? आता गप्प बस." आणि त्याचं बोट तळव्यावर पळायला लागलं. बोट पळायचं तसंच तोंडही. कोण घसरला, कुणाचा मोजा खाली आलाय, रेफ्रीचं पोट कसं दोन पावलं पुढे पोचतंय. एबेर पाठीवर वाऱ्याची खारी थाप घेत, पायाखाली फळ्या थरथरताना ऐकत उभा राहायचा. गोल होण्याआधी अर्धा क्षण त्या फळ्या गप्प व्हायच्या, कारण सगळे श्वास रोखून चवड्यांवर उभे राहायचे. ती शांतता एबेरला गोलपेक्षाही आवडायची.

असे एकेचाळीस हंगाम गेले. त्यातले एकतीस दुसऱ्या डिव्हिजनमध्ये.

मग जे सगळीकडे झालं तेच झालं. खाडीकाठच्या जागेला भाव आला, क्लबने मैदान विकलं आणि नऊ किलोमीटरवर हमरस्त्याच्या कडेला नवं स्टेडियम उभं राहिलं. चारी बाजूंनी छप्पर, नंबर घातलेल्या गादीच्या खुर्च्या, लिफ्ट, साबण असलेले संडास. निबिया तर हरखूनच गेली. आता ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती. लहानपणी पोट दाबून हाफ टाइम काढलेली बाई ती. तिच्यापुढे परंपरेचं गुणगान कोण गाणार?

"बाबा, पावसात त्या फळ्यांवरून तुम्ही किती वेळा पडलात? तीन वेळा प्लास्टर घालायला मीच नेलंय."

"पडलो तरी आपल्या फळ्यांवर पडलो ना," एबेर म्हणाला. पण लेकीचं खोटं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

क्लबने त्याला मानाने वागवलं. सोबत्यासाठी शेजारची खुर्ची फुकट दिली आणि कानाला लावायचं यंत्र दिलं. त्यात एक मुलगी स्पष्ट आवाजात मॅच सांगायची. एबेरने पाच मॅच ती ऐकली. चूक काहीच नव्हती. "आठ नंबर, मध्यभागी, पास उजवीकडे." आठ नंबरचा मोजा खाली आलाय का, ते ती सांगायची नाही. यंत्र काढून ठेवलं की सोबतीला निबिया.

"बाबा, बॉल गेला."

"कुठे गेला?"

"तिकडे."

आणि दार्दोने येणार नाही म्हणून शपथच घेतलेली. "ते स्टेडियम आहे का दवाखाना?" तो म्हणायचा. "खुर्चीत बसून फुटबॉल? मी काय कुणाच्या लग्नाला आलोय? वारा नाही, पाणी नाही. उद्या चहाबरोबर बिस्किटंही देतील. तू जा, तुला पटतं तर." शेवटचं वाक्य एबेरच्या फार जिव्हारी लागायचं.

कारण पटत होतं कुठे? शनिवारी दुपारी गादीवर बसून त्याला त्या डांबराच्या वासाची इतकी आठवण यायची की तो नकळत विजार चाचपून बघायचा. डोळे गेले तेव्हा तो जितका रडला नव्हता, तितका तो या छपराखाली आतल्या आत रडला. छपराने आवाजाचाही काला केला होता. ओरडणं समोरून आलं की मागून, काही उमगत नसे. एबेरच्या लेखी मॅच आता कुठेच होत नव्हती. दुसऱ्यांदा आंधळं होणं म्हणतात ते हेच असावं, असं त्याला वाटे.

ऑगस्टमध्ये तो काठी टेकत दार्दोच्या घरी गेला. दार्दोने भोपळ्याच्या तुंब्यात येर्बाची चहासारखी पानं भरली आणि गरम पाणी ओतताना थोडं एबेरच्या बोटांवर सांडलं.

"भाजलंस की रे, मेल्या!"

"हात थरथरतो हल्ली. बोल, काय काम काढलंस?"

एबेरने खिशातून सभासदाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "नऊ वर्षांचा असताना बापाने काढून दिलं होतं. सोमवारी परत करतोय. तू नसशील तर मला तिथे काय आहे? ती पोरगी खरं सांगते, पण मला दिसत नाही काही. तू सांगितलंस की दिसायचं."

दार्दोने तुंबा उचलला. हा माणूस बसमध्ये वीस उतारूंशी एकाच वेळी भांडलेला, आणि आता नुसता तुंब्यातली नळी चोखत बसला.

"अठ्ठावन्न वर्षांचं कार्ड परत करशील?"

"करीन."

"गाढव आहेस."

"आहे."

"शनिवारी किती वाजता निघायचं?" दार्दोने विचारलं. त्याचा आवाज कसासाच झाला होता. एबेरला वाटलं, हट्ट मोडावा लागला म्हणून.

शनिवारी निबियाने दोघांना गाडीने नेलं. एबेरने हिरवा सदरा घातला होता, दार्दोनेही. जिन्यावर दार्दो ठेचकाळला आणि त्याने बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांना आठवलं. मग त्याने एबेरचा दंड जो धरला तो खुर्चीपर्यंत सोडला नाही. निबिया मागच्या रांगेत बसली. समोर मोलिनोस.

"दे इकडे हात," दार्दो म्हणाला.

आणि एबेरला त्याची मॅच परत मिळाली. बोट पळू लागलं, तोंड सुटलं. सहा नंबर जावयासारखा चालतोय. त्यांच्या गोलकीपरने केस रंगवलेत, गाजरासारखे. आपला डावा आघाडीवाला, हा गेला, हा एकाला चकवलं, अरे पाड, पाडला साल्यांनी! एबेर पुढे झुकून ऐकत होता, हसत होता, तळव्याला गुदगुल्या होत होत्या. डांबर नव्हतं, वारा नव्हता, तरी खाडी जणू शेजारी येऊन बसली. पहिला हाफ कसा सरला ते कळलंही नाही. निबिया आज फारच गप्प होती, पण तशी ती मॅचला गप्पच असायची.

दुसऱ्या हाफला दार्दोचं बोट तळव्यावरून सरसर वर चढलं. "गेला, गेला, एकटाच आहे, मार, मार..." बोट टोकाशी आलं आणि त्याच वेळी छपराखाली आरोळी फुटली. "गोल!" दार्दो ताडकन उठला. त्याने एबेरला उठवून मिठी मारली. "आपला! काय मारलाय रे, वरच्या कोपऱ्यात!" दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत नाचू लागले.

एबेरच आधी थांबला.

या खुर्च्यांची एक खोड आहे. माणूस उठला की बसायची गादी खटकन वर मिटते. आपला गोल झाला की भोवतीच्या हजार खुर्च्या एका दमात खटखटतात. पाच मॅचमध्ये एबेर दुसरं काही शिकला नसला तरी हे शिकला होता. आत्ता फक्त दोन खुर्च्या वाजल्या होत्या. आरोळी होती ती पलीकडच्या टोकाची, मोलिनोसवाल्यांची. मागून कुणीतरी तिरसटून म्हणालं, "अहो काका, डोकं ठिकाणावर आहे का?" आणि निबियाचा त्याला दबलेला आवाज, "गप्प बसा हो. नाचू द्या त्यांना."

दार्दोची मिठी अजून घट्ट होती.

एबेरला एकदम सगळं कळलं. सांडलेलं पाणी, जिना, दंड, दवाखान्याच्या नावाने केलेला थयथयाट. किती वर्षं झाली असतील? चार? सहा? जुन्या मैदानावर जाळीला नाक लावून, फळ्यांच्या आणि वाऱ्याच्या भरवशावर हा माणूस त्याला मॅच दाखवत राहिला. इथे त्याच्याजवळ ना फळ्या, ना वारा. म्हणून तो येत नव्हता. आणि एबेरने कार्ड टेबलावर ठेवून त्याला इथे ओढून आणलं होतं. एबेरला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"दार्दो, शिट्टी ऐकलीस ना?" तो सावकाश म्हणाला. "ऑफसाइड दिला."

शिट्टी वाजलीच नव्हती. डोळे शाबूत असलेल्या दार्दोने त्या वाक्यावर रेफ्रीची सात पिढ्यांसकट सालटी काढली असती. हा दार्दो मिठी सोडून मागे सरला. मग खाली बसला.

"हो... ऑफसाइड," तो म्हणाला. आणि त्याने बोट एबेरच्या तळव्यावर, बोटांच्या टोकांशी ठेवलं, फ्री किक तिथून होणार म्हणून. खरा बॉल तेव्हा मैदानाच्या मध्यावर होता. गोल खाल्ल्यावर तो तिथेच ठेवतात.

"हं," एबेर म्हणाला. "पुढे?"

पुढची वीस मिनिटं दार्दो सांगत राहिला. आवाज खाली गेला होता, पण थांबला नाही. एबेरने तळवा जरासुद्धा मिटू दिला नाही.

रेफ्रीने शेवटची शिट्टी वाजवली. खुर्च्या खटखटत लोक उठले, शिव्या देत जिन्याकडे निघाले. हे दोघे बसूनच राहिले. दार्दोने एबेरचा हात सोडला नव्हता.

"एबेर," तो अगदी हळू म्हणाला, "किती झाले रे?"

एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. विचारायचा तो एबेर, सांगायचा दार्दो.

"एक-शून्य," एबेर म्हणाला. "हरलो."

"हरलो?"

"हरलो. शनिवारी दीडला तयार राहा, निबिया न्यायला येईल."