दोन्ही टोकांचं माप

माझ्या मावशीला तिच्या खात्यात मापाडी म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे, आणि मनातून ते तिला आवडतंही. पडदा घ्यायचा तर आधी खिडकी मोजायची, डबा घ्यायचा तर आधी फळी. तिच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक छोटी टेप लटकलेली असते. लग्नघरी वाढपी दिसला तरी ही पंगत किती लांब असेल याचा अंदाज करत बसेल, असं आई म्हणते.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात काम करते. तिथल्या गारठलेल्या खोलीत सर्व्हर रांगेने उभे आहेत. एकेका सर्व्हरच्या पोटात कितीतरी यंत्रं नांदतात. ती हाताला लागत नाहीत, म्हणून त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. पण प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं, आणि प्रत्येकाला नेमून दिलेली डिस्क म्हणजे त्याची जागा. त्यातल्या एका यंत्रात सगळ्या रोग्यांचे स्कॅन साठतात. त्या यंत्राची हुबेहूब प्रत पुलापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत ठेवलेली असते. इकडे स्कॅन आला की थोड्या वेळात त्याची नक्कल तिकडे पोचते. इकडचं यंत्र पडलं तर तिकडचं उठून कामाला लागायचं. ती प्रत तेव्हा काका सांभाळायचे, म्हणजे मावशीचे यजमान.

या व्यवस्थेची एक खोड आहे. डिस्क भरत आली म्हणून इकडे वाढवली की नक्कल थांबते. पलीकडची डिस्क तेवढीच होईपर्यंत पुढचं काही जात नाही. म्हणून दोघांनी एक रीत घालून घेतली होती. वाढवण्याआधी मावशीने फोन करायचा, माप तोंडाने सांगायचं, आणि काकांनी तेच माप परत म्हणून दाखवायचं. लेखी निरोपावर भागवायचं नाही. मावशीचं म्हणणं, लिहिलेलं माणूस नुसतं बघतो, म्हणताना मात्र ऐकावं लागतं.

आणि मग कपाट आलं.

काकांना एका दुकानात सागवानी कपाट आवडलं आणि त्यांनी कुणाला न विचारता ते घरी पाठवायला सांगितलं. जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की पुढे जाईना, मागे येईना. हमाल घाम पुसत उभे. शेजारच्या आजी दारात, समोरचे दोघं कठड्याशी. मावशीने वरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कपाट मोजायला वेळ नव्हता, समजू शकते. जिना तर रोज चढतोस ना?"

सगळे हसले. हमालही हसले. काका हसले नाहीत.

कपाट कसंबसं खाली सरकवून वळणाशी भिंतीला लावलं गेलं, आणि घरात अबोला सुरू झाला. निरोप माझ्या मावसबहिणीमार्फत जाऊ लागले. बाबांना सांग, जेवण गार होतंय. आईला सांग, मला दिसतंय. ती बिचारी दोघांच्या मध्ये बसून पुस्तक वाचायची आणि मान वर न करता म्हणायची, "पोचला निरोप."

त्याच दिवसांत स्कॅनची डिस्क भरत आली. थांबण्यासारखं नव्हतं, जागा संपली असती तर नवे स्कॅन साठलेच नसते. मावशीने फोन उचलला, नंबर अर्धा दाबला आणि खाली ठेवला. तिने डिस्क वाढवली आणि खात्याच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या खाली त्या दोन ओळी गेल्या.

काकांनी त्या वाचल्या. त्यांच्या पडद्यावर पिवळी पट्टीही आली: नक्कल थांबली आहे. ते म्हणाले, फोन येईल. रीत तिची आहे, मोडायची तर तिने मोडावी. इकडे मावशीने धरून चाललं, की निरोप दिलाय म्हणजे काम झालं असणार. नसेल झालं तर विचारायला तोंड आहे त्यांना. रोज सकाळी काका ती पिवळी पट्टी बघायचे आणि चहा आणायला जायचे.

मग एका दुपारी तळघरातला एसी बंद पडला.

आधी फक्त त्याचा आवाज गेला. इतकी वर्षं त्या घरघरीत बसलेल्या मावशीला एकदम स्वतःच्या खुर्चीची करकर ऐकू आली. भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा हलू लागला. एसीवाला आला, जमिनीवर पालथा पडून बॅटरीच्या उजेडात आत डोकावला आणि नुसता 'हं' म्हणाला. हा 'हं' चांगला नसतो. खोली एका मर्यादेपलीकडे तापली की सर्व्हर आपणहून बंद पडतात, आणि तिथल्या डिस्क जुन्या होत्या. एकदा तापून बंद पडल्या तर पुन्हा उठतीलच याची खात्री कुणी देत नव्हतं.

साहेब दारात आले आणि म्हणाले की घाबरायचं कारण नाही, पलीकडे प्रत आहेच.

मावशीने प्रतीचा पडदा उघडला. शेवटची नक्कल पोचली होती ती तिने डिस्क वाढवण्याच्या आदल्या घटकेला. त्यानंतरचे सगळे स्कॅन फक्त याच तापत्या खोलीत होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून स्कॅन घेणारी ताई धापा टाकत आली. एका बसचालकाच्या डोक्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, शल्यविशारद त्याचे सकाळचे स्कॅन मागत होते आणि ते उघडायला फार वेळ लागत होता. तिने आणखी एक सांगितलं. ते स्कॅन पुन्हा काढता येणार नव्हते. त्यासाठी शिरेतून औषध द्यावं लागतं, आणि त्याची मूत्रपिंडं दुसऱ्यांदा ते सोसणार नव्हती.

मावशीने फोन उचलला. या खेपेला नंबर पुरता दाबला.

"बोला," काका म्हणाले. एरवी दोघं एकमेकांना तू म्हणतात, हे 'बोला' अबोल्यातलं नवीन होतं.

तिने एसीचं सांगितलं. नक्कल थांबलेली आहे, म्हणाली.

"दिसतंय."

"मी वाढवली आणि सांगितलं नाही."

मग काका म्हणाले की ते लगेच दोन यंत्रांमधली नकलेची जोड तोडतात आणि नव्याने जोडतात.

"थांब," मावशी म्हणाली. "आधी जुनी प्रत बाजूला काढून ठेव. नाव बदल तिचं."

जोड तोडली की पलीकडची प्रत तिच्याबरोबर पुसली जाते. मग सगळा ढीग पहिल्यापासून पाठवायचा, आणि तेवढा वेळ ती खोली देणार नव्हती. जुनी प्रत बाजूला ठेवली, तिची डिस्क वाढवली आणि तिलाच पाया म्हणून दाखवलं, तर फक्त मधला फरक जातो. हे काकांना येत नव्हतं असं नाही. पण पुढे कधीतरी माझ्याशी बोलताना त्यांनी हाताचं बोट हवेत धरून दाखवलं. "बटणावरच होतं," म्हणाले.

नाव बदललं. जोड तुटली. प्रत जागेवर राहिली.

"माप सांग, किती जीबी?" काका म्हणाले.

"दोन हजार अठ्ठेचाळीस."

"दोन हजार अठ्ठेचाळीस."

"नीट बघून टाक. मोठी झाली तर लहान करता येत नाही."

"माहितीय मला," काका म्हणाले, पण टाकण्याआधी एकदा पुन्हा म्हणून दाखवलं.

फरक जाऊ लागला. पडद्यावरची निळी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि भिंतीवरचा आकडा तिच्याशी शर्यत लावल्यासारखा चढत होता. दारं खुर्च्या लावून उघडी ठेवली, कुणीतरी टेबलपंखा आणला. नसली तरी चालतील ती यंत्रं मावशीने एकेक करून बंद केली, म्हणजे तेवढी उष्णता कमी. कँटीनचं गेलं, ग्रंथालयाचं गेलं, हजेरीचं गेलं. साहेब म्हणाले, म्हणजे आज सगळे वेळेवर आले होते असं धरायचं. कुणी हसलं नाही, तेही नाही.

मग साहेबांनी सांगितलं की आता सर्व्हर हातानेच बंद करावेत. सावकाश बंद केले तर डिस्क वाचण्याची शक्यता जास्त. तेही खरं होतं. पण आत्ता बंद केले आणि डिस्क उठल्याच नाहीत, तर चालकाचे स्कॅन कुठेच नव्हते. मावशीने फोन कानाशी धरून विचारलं, किती राहिलंय?

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? माप सांग."

काकांनी सांगितलं. तिने तापमापकाकडे पाहिलं, मनात काहीतरी मांडलं आणि साहेबांना म्हणाली, जरा थांबू. स्कॅनच्या ताईला तिने वर पाठवलं, नवा स्कॅन कुणाचा घेऊ नका म्हणून. एसीवाला आतून म्हणाला की त्याच्याकडून आज काही व्हायचं नाही. तिच्या ओठांवर घाम होता आणि तो ती पुसत नव्हती, कारण एक हात फोनवर आणि दुसरा माउसवर होता.

"शेवटचं उरलंय," काका म्हणाले. "तुझं बंद कर."

तिने यंत्र बंद केलं. उरलेलं तेवढं पलीकडे गेलं.

"आलं. उठवतोय."

ती वाट बघत राहिली. मागे एक सर्व्हर आपणहून थांबला, मग दुसरा. पंख्यांचे आवाज एकेक करून विझत गेले आणि खोलीत नुसती ऊब उरली. वरून ताईचा फोन आला. चालकाचे स्कॅन उघडले होते, सगळे, पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत.

पुढे व्हायची ती चौकशी झाली. इकडच्या दोन डिस्क खरोखरच उठल्या नाहीत. साहेबांनी विचारलं की प्रत इतके दिवस थांबलेली कशी, तेव्हा मावशीने आपलं सांगितलं आणि काकांनी आपलं, कुणी कुणाला झाकलं नाही. नवरा-बायको दोन टोकांना नकोत, असं ठरलं. काकांना वॉर्डांतले प्रिंटर बघायला दिले. त्यांना वाईट वाटलंच, दहा वर्षांचं काम होतं. पण ते म्हणतात, प्रिंटरही रुसतो, फक्त कागद कुठे अडकलाय एवढं तरी सांगतो.

त्या संध्याकाळी मात्र यातलं काही झालेलं नव्हतं. दोघं एकत्र घरी आले, जिना चढले आणि वळणाशी थांबले. कपाट तिथेच होतं. कुणाची तरी छत्री त्याच्या मुठीला लटकत होती. मावशीने किल्ल्यांची टेप काढून तिचं टोक काकांच्या हातात दिलं. ते खाली वाकले, कपाट मोजलं, मग वळण मोजलं, मग तिरकं धरून पुन्हा एकदा.

"नाही जात," काका म्हणाले.

"नाही जात," मावशी म्हणाली, आणि टेप गुंडाळली.