मामाजींची अंधारातली बाटली

साऱ्या गोंदियात सूर्यावर पाळत ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. शाळेत ते विज्ञान शिकवत. घरी मात्र एकाच प्रश्नाचे विद्यार्थी होते. पाण्यात विरघळलेला रंग उन्हात उडतो, हे कुणालाही माहीत आहे. पण उडतो म्हणजे नेमकं काय होतं? मामाजींचं म्हणणं असं, की उजेडाचा घाव बसला की रंगाच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन निसटतो, पाणी त्याला धरून ठेवतं, आणि इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. धातूवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, एवढं पुस्तकात छापलेलं होतं. पाण्यातही तसंच घडतं का, याचा पुरावा मामाजींना हवा होता.

या पुराव्यापायी त्यांनी घरादाराला सळो की पळो केलं. होळीला पळसाच्या फुलांचा रंग शिजला, की तो कुणाच्या अंगावर पडायच्या आत ते दोन तांबे भरून घेत. एक कौलांवर चढे, दुसरा धानाच्या कोठीत जाई. नागऱ्याच्या जत्रेत लोक महादेवाच्या रांगेत उभे, तर मामाजी रंगाच्या दुकानापुढे उकिडवे बसून विचारत, ‘हे पुडे उन्हात किती दिवस झाले?’ एका लग्नात तर त्यांनी भर पंगतीत आत्याबाईंच्या लुगड्याची निरी उलगडून पाहुण्यांना दाखवली : बाहेरचा रंग विटलेला, घडीतला ताजा. आत्याबाई कडाडल्या, ‘काऊन जी, मी लुगडं नेसली का तुमच्या शाळेचा फळा?’ मामाजी गंभीरपणे म्हणाले, ‘फळ्यावर एवढं साफ दिसलं नसतं.’

खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. एकदा पोळ्याच्या सकाळी त्यांच्या हातून जांभळ्या रंगाचा ओघळ शेजाऱ्याच्या पांढऱ्या बैलावर सांडला. कुणी पाहिलं नव्हतं. मामाजी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगून आले, आणि शिव्या खाऊन आले. तो बैल घासून घासून शेजारी थकला. दिवाळीपर्यंत बैल जांभळाच हिंडत होता.

त्याच रंगाच्या मामाजींनी दोन बाटल्या भरल्या होत्या. एक खिडकीत, उन्हात. दुसरी काळ्या कापडात गुंडाळून भिंतीतल्या कपाटात. उन्हातली हळूहळू पाण्यासारखी झाली. अंधारातली मात्र कुणी उघडायची नाही, बघायचीसुद्धा नाही. दोन्ही बाटल्या नागपूरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडे तपासायला जायच्या होत्या. अंधारातली शेजारी नसेल, तर उन्हातलीत काय बदललं हे कशावरून ठरवणार? वर्षानुवर्षं जपलेला तो अंधार, हीच मामाजींची सगळी कमाई होती.

मला हे त्या वेळी सहन होत नसे. माझं खरं शिक्षण पत्रकांवर झालेलं. बेचाळीस साल पेटलं होतं, आणि आमच्या घरातला सर्वांत शिकलेला माणूस बाटली बघत बसला होता. मी म्हणालो, ‘मामाजी, माणसानं बाजू घ्यायला पाहिजे!’ ते खिडकीतल्या बाटलीकडे बोट करून म्हणाले, ‘बापू, याच्यात एवढी उलथापालथ होऊन राहिली. कोणी घोषणा देऊन राहिला का?’ मी संतापून उठलो, तर त्यांनी उरलेल्या जांभळ्या रंगाची पुडी माझ्या हातात ठेवली. ‘पत्रकं काढून राहिला ना? घे. पण उन्हाच्या भिंतीवर लावू नको. उडून जाईल.’

सरस आणि ग्लिसरीन शिजवून थाळीत ओतायचं, त्या जांभळ्या रंगाच्या शाईनं लिहिलेला कागद त्यावर उलटा दाबायचा, मग कोरे कागद लावून प्रती काढायच्या. असा आमचा छापखाना. पावसाळा सरता सरता स्टेशनावर आमचा एक सोबती पत्रकांसह पकडला गेला. मी चिचगडच्या जंगलाकडे निसटलो. पोलीस जांभळा रंग शोधत घरांची झडती घेऊ लागले. पुढचं मला आत्याबाईंनी सांगितलं.

मामाजींच्या घरी तो रंग आता एकाच ठिकाणी होता, अंधारातल्या बाटलीत. तो सापडला असता, तर ‘कोणाला दिला?’ हा प्रश्न येणार, आणि मामाजी खरं सांगणार. आत्याबाई म्हणाल्या, ‘नालीत फेका न जी!’ मामाजी म्हणाले, ‘बैल आठवते ना? नाली महिनाभर बोंबलंल.’ मग त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. त्यांनी काळं कापड सोडलं. घरातल्या एकूण एक काचेच्या बशा परसात तुरीआड मांडल्या, रंगात पाणी घालून तो पातळ पातळ ओतला, आणि शेजारी बसून राहिले. ऊन कडक होतं. रोज रंग फिका होई, आणि रोज आत्याबाईंना वाटे की माणूसही फिका होतो आहे.

फौजदार आला तेव्हा बशा धुऊन ठेवलेल्या होत्या. रिकामी बाटली उचलून त्यानं विचारलं, ‘मास्टरजी, इसमें क्या था?’

‘बैंगनी रंग.’

आत्याबाईंनी दाराची चौकट धरली.

‘कहाँ गया?’

‘धूप ले गई,’ मामाजी म्हणाले, आणि मनापासून समजावू लागले : उजेड, रेणू, इलेक्ट्रॉन. फौजदारानं थोडा वेळ ऐकलं, शिपायाकडे पाहून कपाळाला बोट लावलं, आणि ‘चलो’ म्हणून बाहेर पडला.

मी परत आलो, तेव्हा खिडकीतली बाटली तेवढी उरली होती. मी म्हणालो, ‘मामाजी, दुसरी भरून अंधारात ठेवू.’ ते म्हणाले, ‘ठेवू ना. पण मागचा अंधार कुठून आणू, बापू?’ आवाजात तक्रार नव्हती. नागपूरला काहीच गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामाजी गेले. सामान आवरताना आत्याबाईंनी ते काळं कापड माझ्या हातात दिलं. धुऊन, नीट घडी घातलेलं. ‘सावलीत वाळवलं, बापू,’ त्या म्हणाल्या. ‘उन्हात नाही टाकलं.’