सुनंदाला उशिरा कळलेली बातमी

सुनंदा गेली त्या सकाळी नातेवाइकांना कळवायचा मजकूर मी लिहिला. लग्नपत्रिका असो की निरोपाचं भाषण, घरात लेखणी माझ्याच हाती येते, आणि मीही ती सोडत नाही. चांगला दहा ओळींचा मजकूर झाला. 'कर्तव्यतत्पर', 'मितभाषी', सगळं आलं. अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, तेवढं राहिलं. मग तासभर फोन घेत बसलो. तिनं आधी वेळ लिहिली असती आणि 'मितभाषी' खोडलं असतं, कारण माझी ही मेहुणी मितभाषी कधीच नव्हती.

यवतमाळच्या एका कॉलेजात ती चौकशीच्या खिडकीवर लागली होती. शेवटी त्याच संस्थेच्या प्रसिद्धी आणि जनसंपर्क विभागाची प्रमुख झाली. जाहिराती, माहितीपुस्तिका, गावोगावच्या पालकसभा, सगळं तिच्याकडे. एकटीच राहायची, आणि प्रवेशाच्या दिवसांत तिच्याकडे पाहुण्यानं जायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. संध्याकाळी सहानंतर कॉलेजकडून गावात यायला गाडी मिळत नाही, हे तिनं एकदा माहितीपुस्तिकेतच छापायला घेतलं. संस्थाचालक चिडले. "मॅडम, ही जाहिरात आहे की तक्रार?" ती म्हणाली, "सर, पोरीचा बाप पहिल्याच दिवशी येऊन पाहणार आहे." ओळ राहिली.

एका वर्षी एक अभ्यासक्रम ऐन वेळी बंद झाला. फुलसावंगीच्या तीन मुलींनी त्याला प्रवेश घेतला होता. पेपरात यायच्या आधी त्यांच्या घरी आपल्या तोंडून कळलं पाहिजे म्हणून ती निघाली, आणि सोबतीला मला घेतलं. माझं काम चहा पिण्याचं. तिसऱ्या घरी तिनं सगळं सरळ सांगितलं, तेव्हा मुलीचे वडील नुसतेच बसून राहिले. ते गप्प बसणं मला सोसेना. मी म्हणून गेलो, "होईल काहीतरी."

परतीच्या बसमध्ये ती माझ्यावर घसरली. "कायले बोलले भाऊजी तुम्ही? आता तो माणूस वाट पाहत बसंल. दुसरीकडं प्रवेश घ्यायचे दिवस निघून जातील त्याचे."

पटलं होतं मला. पटलेलं अंगी लागतंच असं नाही...

गेल्या मे महिन्याच्या शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून आम्हा नवराबायकोला आत बोलावलं. आजार पसरला होता. हातात थोडेच महिने होते. तिला आत्ताच सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. बाहेर आलो तर ती समोरच्या बाकावर कुठल्याशा कॉलेजची जाहिरात वाचत होती. "काय म्हणाले?" मी म्हणालो, "सूज आहे पित्ताशयाला. होईल कमी."

आणि ती कामावर गेली. जून, जुलै, भर प्रवेशाच्या गर्दीत. दिग्रसला तिची आई खुब्याचं हाड मोडून खाटेवर होती. ती फोन करायची, "चार दिवस येऊन जा ना वं." सुनंदा म्हणायची, "प्रवेश आटोपले की येतो." दीड-दोन तासांचा रस्ता. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज फोन करून तिला विचारायचो, जेवलीस का.

ऑगस्टमध्ये ती दवाखान्यात पडली, ती उठलीच नाही. एका दुपारी मी एकटाच जवळ होतो. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही सांगता पित्ताशयाची सूज, ताई सांगते साधी कावीळ. दोघांनी बसून एकच तरी ठरवायचं होतं." हसलीसुद्धा. मला हसता येईना.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाले?"

"मे..."

ती हळूच म्हणाली, "जूनमधी सांगितलं असतं तर मी कायले कॉलेजात बसली असती? मायजवळ राह्यली असती."

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

डॉक्टर तिला दिग्रसपर्यंत नेऊ द्यायला तयार नव्हते आणि आईला तिथून हलवता येत नव्हतं. मोबाइलवर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आईनं विचारलं, "कधी येतेस?" मला वाटलं, आता सांगते. सांगायला हवंच होतं, आईचा तो हक्क होता. सुनंदानं एकदा माझ्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाली, "प्रवेश आटोपले की येतो." आमची चूक तिनं स्वतःच्या नावावर घेतली, आणि मोबाइल धरून उभा असलेला मी तेव्हाही गप्पच राहिलो.

आता आई येईल त्याला सांगते, "नोकरी मोठी झाली होती तिले. माय नाही आठवली." परवा मी समोरच बसलो होतो. तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "आई, औषध घेतलं का?"

घरी येऊन बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं... त्या दुपारचं, सुनंदाला सगळं कळलं होतं, ती काय म्हणाली ते. बायको तूर निवडत होती. निवडता निवडता थांबली, पण रडली नाही.

"तुमच्यानं तोंडानं होणार नाही," ती म्हणाली. "लिहून काढा. मायले मी वाचून दाखवीन. पण त्यात 'आम्ही ठरवलं' लिहू नका. सुनंदाले सांगू नका, असं मी म्हटलं होतं. तसंच लिहा."